अंगणाची हजामत

काकू बहिणीकडे निघाल्या, तेव्हा रिक्षात एक पाय ठेवून त्यांनी काकांना पुन्हा बजावलं, "अंगणात काहीही करायचं नाही. पाणीसुद्धा घालायचं नाही. महिनाअखेरीला महिला मंडळाच्या बायका अंगण बघायला येणार आहेत, त्याच दिवशी सकाळी मी पोचते. तोवर नुसतं लांबून बघायचं."

"मी कशाला काय करतोय?" काका म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. माणूस गोत्यात येतो तो बहुतेक असाच.

काकांचं सलून घराच्या पुढच्या खोलीत होतं. त्याचं मागचं दार उघडलं की अंगण. तिथे पूर्वी स्वच्छ फरशी होती. काकूंनी ती उखडली, शोभेच्या कुंड्या वाटून टाकल्या आणि लोक ज्याला तण म्हणून उपटतात ते सगळं हौसेनं आणून लावलं. रुई, आघाडा, टाकळा, शिवाय नावं काकूंनाच ठाऊक अशी कितीतरी झाडं. सरड्यांसाठी कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग, पक्ष्यांसाठी पोचे आलेल्या परातीत पाणी. इथल्या मातीतली झाडं लावली की इथले जीव आपोआप येतात, असं त्या म्हणायच्या, आणि खरंच ते यायला लागले होते. जन्मभर दुसऱ्यांचे डबे भरणाऱ्या बाईला पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळालं होतं. बायका येणार म्हणून ती हरखली होती.

काकांना मात्र त्या अंगणाकडे बघवत नसे. 'मानेवर आलंय, कानावर आलंय,' असं त्यांचं आतल्या आत चाललेलं असायचं. त्यात गिऱ्हाइकं चिडवायची, "काका, आमचे कापता, घरचं कधी?"

काही दिवस त्यांनी तोंड फिरवून काढले. मग एका दुपारी दुकानात कोणी नसताना ते चहाचा कप घेऊन मागे गेले आणि डावीकडची एक फांदी त्यांच्या कानाला लागली. तेवढी एकच त्यांनी कापली. पण मग उजवी बाजू जड दिसायला लागली, म्हणून उजवी घेतली. ती जरा जास्त गेली, म्हणून पुन्हा डावी. घरच्या घरी पोराचे केस कापून बघितलेल्या कुठल्याही आईला पुढचं सांगायला नको. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा मधलं उंच वाटायला लागलं, आणि संध्याकाळपर्यंत अंगणाचा मिलिटरी कट झाला.

वकीलसाहेब रोज सलूनमध्ये फक्त पेपर वाचायला यायचे, कारण कापून घेण्याजोगा केस त्यांच्या डोक्यावर उरलेलाच नव्हता. ते मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे काय केलंत?"

"थोडं मोकळं केलं."

"हे मोकळं नाही काका, हे माझं डोकं झालं."

तेवढ्यात कापलेल्या रुईच्या ढिगात काहीतरी हललं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या सैरावैरा फिरत होत्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. या अळ्यांची पुढे फुलपाखरं होणार होती. त्या रुईशिवाय कशाला तोंड लावत नाहीत, हे काकूंनी जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की काकांना झोपेतही म्हणता आलं असतं.

"झाडं परत फुटतील," वकीलसाहेब म्हणाले. "अळ्या मेल्या तर मात्र मी तुमचं वकीलपत्र घेणार नाही."

संध्याकाळी फोन आला. "अहो, माझ्या अळ्या कशा आहेत?"

"मजेत."

"खातायत ना?"

"हावऱ्यासारख्या," असं म्हणून काका पिशवी घेऊन स्टँडच्या मागे रुई शोधायला धावले.

फांद्या आणून अंगणात रोवल्या, तर आडोसा नसल्यामुळे गांधीलमाशा आयत्या अळ्या टिपायला लागल्या. काकांनी उरलेल्या सगळ्या उचलून सलूनमध्ये आणल्या. कंगव्यांच्या बरण्या रिकाम्या केल्या, पाणी भरून त्यांत रुई खोचली आणि आरशासमोर अळ्यांची पंगत बसवली. दिवसभर डोळ्यांसमोर राहतील, हा हिशेब.

दाढीला बसलेल्या एका गिऱ्हाइकाला फेसाआडून आरशात दिसलं, की अंगावरच्या कापडावरून कोणीतरी वर चाललंय.

"काका, हे काय आहे?"

"हलू नका."

"चावतं का हो?"

"छे. तुमच्या हाताखाली चिरडेल बिचारी."

अळ्या पोसल्या, आणि एके सकाळी फांद्या रिकाम्या. शोधलं तर जिला जिथे आवडलं तिथे ती कोष करून लटकली होती. एक मशीनच्या वायरीला, एक आरशाच्या चौकटीला, दोन खुर्चीच्या हाताखाली. कोषाला धक्का लावायचा नाही, हेही काकूंनी जेवतानाच सांगितलेलं. मशीन बंद, आरसा पुसणं बंद. गिऱ्हाईक खुर्चीकडे वळलं की काका आडवे यायचे.

"उभेच राहा. ती खुर्ची भरलेली आहे."

ठरल्या दिवशी सकाळी काकू आल्या त्या थेट मागच्या दारात. समोर नुसती खुंटं आणि त्यांवर बोटभर फुटवे. पायरीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. काकांना वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मीच केलं," ते म्हणाले. "चुकलो गं. पण तुझ्या अळ्या आहेत. चल, बघ तरी."

सलूनमध्ये मशीनच्या वायरीवरचा कोष उकलला होता आणि शेजारी एक केशरी फुलपाखरू ओले पंख सोडून लटकत होतं. काकू बघतच राहिल्या. बायका आल्या, त्याही दुपारपर्यंत सलूनमधून हलेनात. "अंगणात सगळेच करतात," मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "दुकानात कोणी केलेलं नव्हतं." मागे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. काकांचा जीव भांड्यात पडला.

बायका गेल्यावर काकू म्हणाल्या, "आता इथलं काही हलवायचं नाही."

"आणि माझं दुकान?"

"मागे. जागा तुम्हीच मोकळी केलीत की."

तेव्हापासून काका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर गिऱ्हाईक बसवून अंगणात केस कापतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खाली पडलेले केस झाडायला केरसुणी उचलली, तर काकूंनी ती काढून घेतली. भिंतीवरून एक चिमणी उतरली, चोचभर केस घेऊन वळचणीला गेली, आणि लगेच परत आली.

गिऱ्हाईक मानेवर हात ठेवून म्हणालं, "काका, मागून थोडेच घ्या बरं का."

काका होकार देणार, एवढ्यात सलूनच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांचे चांगले बारीक करा. तिचं घरटं अजून अर्धंच झालंय."