पटावर बत्तीस, वर्गात अठ्ठेचाळीस

"आज पगाराचा मुहूर्त लागला म्हणून समज!" मुकुंदवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यात उभं राहून सूर्यभान सरांनी जाहीर केलं.

आशाबाई भाकरी थापत होत्या. "अकरा वर्सं झाली, फुकट शिकवायला जाताय. हातात पैसे येतात ते संध्याकाळी आडतीवर पोती मोजल्याचे. आज नाय झालं तर ती शाळा सोडायची अन् दिवसभर पोतीच मोजायची. माझ्या भावानं शेटला बोलून ठेवलंय!"

"अगं, विज्ञानाचा माणूस आहे मी! सगळं मोजून ठेवलंय!"

आणि खरंच मोजलं होतं. खुलताबादच्या डोंगरावरची ती शाळा विनाअनुदानित. म्हणजे पुस्तकं सरकारची, पत्रे संस्थेचे आणि शिक्षक स्वतःच्या खर्चाचे. आता सरकार वीस टक्के पगार द्यायला तयार झालं होतं, पण तपासणीच्या दिवशी वर्गात निदान तीस मुलं हवीत! पटावर होती बत्तीस. त्यातली आठ आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. उरली चोवीस.

मुख्याध्यापक काकासाहेबांनी आदल्या दिवशी टेबलावर मूठ आपटली होती. "खोटी मुलं बसवायची नाहीत! आपण गुरुजन आहोत!" सूर्यभान सरांनी मान हलवली. शिपाई सांडूनं तर दोनदा हलवली. मग सर शाळा सुटल्यावर थेट घाटाखालच्या धनगरांच्या तळावर गेले आणि आठ पोरं ठरवून आले. प्रत्येकाला एकेका गैरहजर मुलाचं नाव वाटून दिलं. "नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. त्यापलीकडं तोंडातून वाफसुद्धा काढायची नाय!"

आज सर पोचले तेव्हा डोंगरावर धुकं असं दाटलं होतं, की शाळेचा झेंड्याचा खांब अर्ध्यातूनच नाहीसा झाला होता. दहा पावलांपुढचं दिसेना. वर्गात वीज नव्हती, ती कधीच नसते. मुलं डोक्यावरून घोंगड्या, शाली, पोती ओढून बसलेली. सरांनी मोजली. बत्तीस! सरांना धुकंसुद्धा गोड वाटायला लागलं.

दहा मिनिटांनी उगीच, खात्री म्हणून पुन्हा मोजली. चाळीस.

सरांनी चष्मा पुसला. उजवीकडून मोजली, चाळीस. डावीकडून मोजली, चाळीस. दाराकडं पाहिलं, तर धुक्यातून आणखी एक रांग येत होती. अनवाणी. पावलांचा आवाज नाही. डोक्यावर पांढरी उपरणी. एकामागून एक आत आली आणि भिंतीला टेकून बसली. अठ्ठेचाळीस!

"बाळा, तुझं नाव काय?" सरांनी शेवटच्याला विचारलं.

त्यानं सरांकडं पाहिलं आणि हळूच ओठावर बोट ठेवलं.

दुसऱ्याला विचारलं. त्यानंही बोट. तिसरीनंही! सर व्हरांड्यात आले. तिथं सांडू खांबाला धरून उभा होता, चेहरा खडूसारखा.

"सर, लई पोरं झालीत वर्गात."

"धुक्यानं तसं वाटतं रे. प्रकाशाचं विकिरण असतं ते."

"त्यातलं एक मला आत्ता चिमटा काढून गेलं. त्येबी विकिरणच का?"

एवढ्यात जीप आली. तपासणीचे साहेब मफलर गुंडाळून उतरले. मागून काकासाहेब लगबगीनं आले. त्यांनी वर्गात डोकावलं मात्र, हातातला हार साहेबांऐवजी दाराच्या कडीला घातला!

साहेबांनी हजेरीपट उघडला. ऊसतोडीवाल्यांची नावं पटाच्या शेवटी होती. पहिल्या चोवीस नावांना चोवीस आवाज आले. सूर्यभान सरांचा जीव जरा खाली बसला.

"बद्रीनाथ."

"हजर," खिडकीतून आल्यासारखा आवाज आला.

"हजर," भिंतीकडून.

"हजर," अगदी साहेबांच्या खुर्चीमागून.

साहेबांनी मान वर केली. सगळी मुलं समोर बघत होती. एकही हसत नव्हतं.

"म-मनकर्णा."

"हजर." "हजर." "हजर."

आठही नावांना तसंच झालं. साहेबांनी हजेरीपट मिटला. "काकासाहेब, शाळेच्या आधी इथं काय होतं हो?"

"काय नाय साहेब," सांडू मदतीला धावला, "मोकळा माळ होता. मागं जराशा कबरी हायेत, तेवढंच."

साहेब उठले. जीपच्या बोनेटवरच शेरा लिहिला, "पट बत्तीस, उपस्थिती अठ्ठेचाळीस. खुलासा होईपर्यंत अनुदान स्थगित." आणि जेवणाला न थांबता जीप धुक्यात गडप झाली.

जीपचा आवाज विरल्यावर सूर्यभान सर पुटपुटले, "आठ माझी आहेत."

काकासाहेब खाकरले. "आठ... आमच्या भावकीतली. पांढरी उपरणी."

"मंग चिमटेवालं माझ्या भैनीच्या गावचं," सांडू म्हणाला. "आठच आणली व्हती, देवाशप्पथ!"

तिघांनीही एकाच हजेरीपटातून तीच आठ नावं उतरवली होती. भांडायचं कुणी कुणाशी? सूर्यभान सरांच्या डोळ्यांपुढं पोत्यांची थप्पी उभी राहिली. बारावं वर्ष!

तेवढ्यात दारात रांग लागली. उपरणेवाल्या पोरांचा म्होरक्या म्हणाला, "काकासाहेब, माणशी वीस रुपये बोलला व्हता."

"ह्यांला वीस?" घोंगडीवाली कडाडली. "मंग आमालाबी! हजर आमीबी म्हनलोय!"

आता गप्प बसवणं कुणाच्याच हातात नव्हतं. काकासाहेबांनी साहेबांच्या जेवणासाठी ठेवलेलं पाचशेचं पाकीट काढलं. सगळ्या विसाच्या नोटा. धुकं अजून हटलेलं नव्हतं. पुढं आलेल्या प्रत्येक तळव्यावर ते मान खाली घालून एकेक नोट ठेवत गेले. रांग संपली. पोरं आली तशीच धुक्यात विरघळली.

काकासाहेबांनी पाकीट झटकलं. रिकामं! ते मटकन पायरीवर बसले.

"सांडू, बाहेरून आणलेली पोरं चोवीस ना रे? चोवीस गुणिले वीस, चारशेऐंशी. मग वीस रुपये गेले कुठं?" ते म्हणाले. "शेवटी एक हात आला होता. घोंगडीतून. थंडगार... आणि मनगटावर केस होते!"

सांडूनं हात जोडले. "सर, तुमी सायन्सवाले. सांगा की यान्ला, तसलं काय नसतं म्हनून!"

सूर्यभान सर कोपऱ्यात पाठमोरे उभे होते. पँटीचे दोन्ही गुडघे लाल मातीनं माखलेले, ते घाईघाईनं झटकत होते.

"असेलही," ते मागं न वळता म्हणाले. "या शाळेत अकरा वर्षं एक आत्मा बिनपगारी फिरतोय, एवढं मात्र खरं आहे!"