सुलक्षणाबाईंचं सर्वसंमत चित्र

सोअरकाठ मराठी मंडळाच्या घटनेत बरीच कलमं होती आणि त्यांपैकी एकच पाळलं जात असे: मंडळाच्या कोणत्याही कृतीने कोणत्याही सदस्याचं मन दुखावलं जाऊ नये. हे कलम गरजेपोटी आलं होतं. सोअर नदीकाठच्या लेस्टरमध्ये मराठी माणसं मुळात मोजकी, त्यातली चार रुसून बसली तर गणपतीच्या आरतीला टाळ कोणी धरायचे?

२००६ साली मंडळाला स्वतःचा हॉल मिळाला. हॉल म्हटला की दर्शनी भिंत आली आणि भिंत म्हटली की तसबीर आली. शनिवारची मराठी शाळा पंचवीस वर्षं चालवणाऱ्या सुलक्षणाबाईंचं तैलचित्र तिथे लावावं, असा ठराव एकमताने झाला. चित्रकारही घरचाच होता. बाईंचे यजमान डॉक्टर पद्माकर डोळ्यांचे सर्जन होते, नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांचा हात चांगला होता.

पद्माकरांनी त्या हिवाळ्यात बाईंना रोज खिडकीपाशी बसवलं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं आणि बायकोकडे पाहायचं राहून गेलं, याची त्यांना पहिल्याच दिवशी लाज वाटली. बाईंनी अट एकच घातली. "अहो, सुंदर नको हं. माझ्यासारखी दिसू दे. शाळेतली मुलं उद्या पोरंबाळं घेऊन आली, तर त्यांना म्हणता आलं पाहिजे, ह्या आमच्या बाई."

त्यांनी शब्द दिला आणि तसंच चित्र काढलं. आखूड कापलेले पांढरे केस, चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ पाहून पाहून भुवयांमध्ये पडलेली आठी, उजव्या गालावरचा तीळ, मोहरीच्या रंगाची इरकल आणि तिच्यावर, लेस्टरची थंडी लक्षात घेऊन, कार्डिगन. चित्र इतकं हुबेहूब होतं की ते पाहून समितीतल्या दोघांनी नकळत पाठ ताठ केली.

अध्यक्ष यशोधन हे व्यवसायाने अकाउंटंट. त्यांनी चित्राची तोंड भरून स्तुती केली आणि मग चष्मा पुसला. मंडळात चष्मा पुसला की सूचना येते. "डॉक्टरसाहेब, it's a masterpiece, no question. फक्त एक छोटं observation. साडी इरकल आहे हे फार clearly कळतंय. आपले नागपूरचे members आहेत, कोकणातले आहेत. They may feel left out."

साडी सुचवावी, पण ठरवू नये, असं सर्वानुमते ठरलं.

योगायोग असा की, पद्माकर त्या दिवसांत कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला जात होते. विषय होता, 'युरोपीय चित्रकला: वास्तववादाकडून आधुनिकतेकडे'. त्या आठवड्यात वर्ग नेमका प्रकाशाचे ठिपके मारणाऱ्या फ्रेंच मंडळींपर्यंत पोचला होता. पद्माकरांच्या मते तो सगळा प्रकार वेळेवर ऑपरेशन न केलेल्या मोतीबिंदूचा होता. पण आता त्यांचाच नाइलाज झाला. त्यांनी ब्रश घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोतीबिंदू काढण्याऐवजी घातला. साडीचे ठिपके झाले. लांबून पाहिलं की पैठणचं माणूस पैठणी बघे आणि इचलकरंजीचं माणूस सुती पातळ. समिती खूश झाली.

पुढच्या बैठकीत उपाध्यक्षा सुचेताताईंना चेहऱ्याने त्रास दिला. चेहरा फारच सुलक्षणाबाईंचा होता. शाळा सुरू झाली ती स्वातीताईंच्या दिवाणखान्यात. पहिली बाराखडी सुमनताईंनी घेतली. स्वतः सुचेताताईंनीही एक उन्हाळा 'ळ' शिकवला होता. "मला माझं काही नाही हो," त्या म्हणाल्या, "पण face थोडा inclusive करता येईल का?"

तेव्हा नाक स्वातीताईंचं बाजूने, हनुवटी सुमनताईंची समोरून आणि एक डोळा सुचेताताईंचा, असा तोडगा निघाला. वर्गात तेव्हा चेहऱ्याचे तुकडे करून सगळ्या बाजू एकदम दाखवणारे चित्रकार चालू होते. त्यांचं निदान पद्माकरांनी तिरळेपणा आणि दुहेरी दृष्टी असं केलं होतं. आता तेच दुखणं त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोच्या तोंडावर उमटवलं. कॅनव्हास नवा घ्यावा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. पण मापाला समितीची मंजुरी मिळालेली होती आणि भिंतीत खिळाही ठोकून झाला होता, त्यामुळे जे करायचं ते त्याच कॅनव्हासवर, जुन्यावर नवं चढवत. घरी बाईंनी ते पाहिलं आणि त्या चहा टाकायला गेल्या. ते पद्माकरांना फार लागलं.

मन जपण्यात मात्र चूक राहिलीच. स्वातीताईंना नाक लांब वाटलं. सुमनताईंना स्वातीताईंच्या नाकाखाली राहणं मान्य नव्हतं. चेहराच नसला तर कोणाचाच अपमान होणार नाही, हे यशोधनांना हिशेबाने पटलं. राहिला रंग. तर भगव्याला राजकारणाचा वास येतो म्हणून तो नको, हिरवा तसाच, निळाही तसाच. पिवळ्याला हळद म्हणणारे आणि कावीळ म्हणणारे असे दोन गट पडले. सगळे रंग जाऊन पांढरा उरला. तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणालं की यजमान समोर बसलेले असताना सवाष्णीचं चित्र पांढरंफटक, हे बरं दिसतं का? म्हणून वर मधोमध एक कुंकवाचा टिकला असावा, असं ठरलं.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी शिक्षिकाबाईंनी पडद्यावर जवळपास असंच एक चित्र दाखवलं. पद्माकर बघतच राहिले. युरोपला ज्या वाटेला दोन-तीन पिढ्या आणि एक महायुद्ध लागलं, ती वाट मंडळाने चार बैठकांत, चहा-बिस्किटांवर पार केली होती.

अनावरणाला एक कलासल्लागार आली होती. टिकल्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि तिने 'धाडसी रिकामपण' असे शब्द काढले. समितीने माना डोलावल्या, कारण ते धाडस समितीचंच होतं. मग सुलक्षणाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.  त्या चित्राजवळ गेल्या आणि टिकल्याखाली दोन बोटं ठेवली.

"अहो, डोळे इथे आहेत ना?"

"हो. जरा खाली," पद्माकर म्हणाले. टिकला त्यांनी मोजून खाली झाकलेल्या बाईंच्या कपाळावरच लावला होता.

"आणि तीळ?"

"आहे. तो नीट काढलाय."

"मग असू दे," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

महिनाभरात टिकल्याचीही बैठक झाली. मंडळात नवरा गेलेल्या काही बायका होत्या, त्यांना रोज कुंकू पाहायला लावणं बरं नव्हे, अशी सूचना आली. विचारलं त्यांना कोणीच नव्हतं. विचारलं तर त्यांचं मन दुखावलं असतं. पद्माकर उभे राहिले आणि म्हणाले, "नाही." मंडळाच्या इतिहासात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला.  मग इतिवृत्तात नोंद झाली की डॉक्टरसाहेबांनी सूचनेचं मनापासून स्वागत केलं. पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात यशोधनांनी स्वतः, भिंती रंगवायच्या रोलरने दिला.

आता त्या चित्राविषयी कोणाचीच तक्रार उरली नाही. उलट सोय झाली. वार्षिक सभेत प्रोजेक्टरला पडदा मिळेना, तेव्हा ते पांढरं चित्र अगदी योग्य उंचीवर असल्याचं सुचेताताईंच्या लक्षात आलं. तेव्हापासून मंडळाचा जमाखर्च त्याच्यावर दिसतो.

शाळेच्या वर्धापनदिनी समितीने बाईंना आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं. त्यांचा एक जुना फोटो कुठून तरी मिळवून त्याच चित्रावर पाडला. दिवे मालवले. भिंतीवर सुलक्षणाबाई दिसल्या, कार्डिगनसकट. प्रोजेक्टरची कुठली तरी कळ चुकून दाबली गेली होती, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं पडलं होतं. हॉलभर टाळ्या झाल्या. "किती हुबेहूब," यशोधन म्हणाले, "अगदी आपल्या बाई."

पद्माकर अर्धे उठले. बाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"बसा हो. कोणाचं मन कशाला दुखवायचं?"

एवढ्या भरल्या हॉलमध्ये तीळ भलत्याच गालावर गेलाय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. पंचवीस वर्षं बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. या मंडळींना हसायला काही हरकत नाही. फक्त वाचकहो, तीळ कोणत्या गालावर होता ते आधी सांगा, आणि मागे जाऊन बघू नका.