फुकट जोडणीच्या तहाची हकीकत

॥ श्री ॥ जी शक्ती दूरच्यास डोळ्यांपुढे आणिते तिला नमन करोन, आणि ज्यांनी कधी काही जोडून घेतले व मागाहून कपाळास हात लाविला अशा समस्त थोरांस दंडवत घालोन, घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघमासी थंडी सरत आली असता एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले. राज्याचे नाव विचारू नये. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चिंचोळी गॅलरी एवढाच मुलूख, तोही इमारतीच्या अगदी टोकास. तेथे मातोश्री इंदुमतीबाई राज्य करीत होत्या आणि यजमान मनोहरपंत, एसटीच्या डेपोतून निवृत्त होऊन, राज्य आपणच करितो ऐसे समजोन सुखी होते. उभयतांस कन्यारत्न एक, नाव केतकी. केतकीबाईंस जन्मापासोन ऐकू येत नसे. म्हणोन त्या राज्यात पहिल्यापासोन एक कायदा होता, की घरात जो शब्द तोंडाने निघेल तो हातानेही निघाला पाहिजे. पाहुणा येवो, दूधवाला येवो, नवराबायकोचे भांडण होवो, लेकीच्या मागे बोलणे नाही. काही हातवारे शाळेतले होते, बहुत घरातच घडविलेले होते, आणि पंचवीस वर्षांत इंदुमतीबाईंच्या हातांस ऐसे वळण पडिले की लेक नोकरीनिमित्त दूरदेशी गेली तरी बाई भाजीवाल्याशी बोलतानाही हात हालवीत, आणि भाजीवाला दोन मिरच्या जास्त घालीत असे.

मग जाहले ऐसे की केतकीबाईंनी तिकडे एक तरुण पसंत केला. नाव तुषार. तोही ऐकू न येणारा, छापखान्यात चित्रे जुळवण्याच्या कामावर. येत्या रविवारी त्यास पडद्यावर आईबापांसमोर आणितें, बोलून पाहा, आणि तुमचे मन झाले तरच पुढे, ऐसे तिने कळविले. इतरांच्या लेकी फोनवर आवाजाने सांगतात आणि आईबाप आवाजावरून ओळखतात. येथे आवाजाचा उपयोग नाही, हात दिसले तरच बोलणे. आणि त्या टोकाच्या घरात मोबाइलचा सिग्नल ऐसा, की चित्र घडोघडी गोठोन जाई. केतकीबाईंचा हात हवेत उचललेला आणि तोंड अर्धे उघडे, ऐसी मूर्ती होऊन राही. मग चित्र हाले तोवर तिचे वाक्य संपोन गेलेले असे. लेक हसली की रडली, हेही मागाहून मेसेज करोन विचारावे लागे. अशा चित्रावर जावई पारखावा कैसा, या चिंतेने बाईंची झोप उडाली, आणि मग काचतारेच्या, म्हणजे फायबर इंटरनेटवाल्या कंपनीच्या, सरकाराचे जोडपत्र घ्यावे ऐसा निश्चय केला.

मनोहरपंतांनी फोन लाविला. पलीकडोन मधुर स्त्रीकंठ निघाला, "सर, इन्स्टॉलेशन एकदम फ्री, महिना फक्त चारशे नव्याण्णव." पंत बहुत संतोष पावले आणि म्हणाले, "बघितलंस? तू उगीच काळजी करतेस. फुकट आहे." बाई म्हणाल्या, "फुकट म्हणाली की आधी फुकट आणि मग बघू म्हणाली?" "अगं, सर म्हणाली मला ती!" ऐसे पंत बोलिले, आणि त्या एका शब्दावर पंतांचे वजन चार शेर वाढले.

गुरुवारी त्या सरकारचे वकील आले. नाव शशिकांतजी घोलप, पन्नाशीचे गृहस्थ, केसांस कलप, गळ्यात ओळखपत्र. मागे तारेचे वेटोळे आणि शिडी घेऊन दोन शिपाई, ते जिन्यातच उभे राहिले. घोलपांनी चहा घेतला, घराची स्तुती केली, आणि मग सोन्यासारखे पाणी चढविलेल्या शब्दांत कलमे सांगो लागले. तत्समयीच केतकीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. इंदुमतीबाईंनी फोन बरणीस टेकवून उभा केला आणि कायद्याप्रमाणे, वकील जे बोलतील ते हाताने लेकीस सांगो लागल्या. घोलप किंचित गोंधळले. "मॅडम, तुम्ही काय करताय?" "मुलगी आहे माझी. ऐकू येत नाही तिला. तुम्ही बोला, मी सांगते तिला. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"हां, तर बघा," वकील बोलिले, "इन्स्टॉलेशन फ्री." बाईंनी दोन्ही तळहात एकमेकांवर झाडून उघडे केले, त्या घरी 'फुकट' याची खूण तीच. "फक्त ॲक्टिव्हेशनचे पाचशे." बाईंचा हात कमरेपासोन निघोन पुढे गेला, ही 'द्यायचे' याची खूण. "राउटरची अनामत दीड हजार, पण ती रिफंडेबल हां, परत मिळते." हात पुढे गेला आणि परत यावयाचा तो हवेतच थांबला. "कधी आणू परत?" बाईंनी विचारिले. "म्हणजे, कनेक्शन बंद केलंत की." "म्हणजे बंद करेपर्यंत मी असाच हात धरून बसू?" घोलप हसले, पण पुरते हसले नाहीत. "आणि तुमचं घर टोकाला, तर तीस मीटरवरच्या तारेचे वेगळे. सोसायटीच्या डक्टमधून येत नाही ना, बाहेरून घ्यायची. आणि सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेतलं तरच इन्स्टॉलेशन फ्री. वरती टॅक्स." प्रत्येक वाक्यास हात पुढे गेला, आणि घोलप आपणच काढिलेल्या त्या मिरवणुकीकडे बघत राहिले; फुकट याची खूण एकदाच जाहली होती आणि देण्याची थांबेना. तोच पडद्यावरील केतकीबाई गोठल्या. आणि लेकीचा मेसेज आला, तो पंतांनी मोठ्याने वाचिला: "आई, कुणाला इतकं देतेयस? प्रत्येक वेळी हात पुढेच दिसतोय. काय झालं?"

ऐकून जिन्यातील शिपाई खुदकन हसले. घोलप मात्र हसले नाहीत. मनोहरपंतांनी पाकीट काढिले होते ते तसेच हातात राहिले. अडचण रकमेचीच होती: पसंती जाहली तर मुलाच्या गावी जाण्याच्या गाडीभाड्यासाठी बाईंनी फॉल-पिकोच्या कामाचे पैसे डब्यात ठेविले होते, आणि हे सारे दिले तर डबा मोकळा होई, न दिले तर रविवारी लेकीचे हात दिसणार नाहीत. इंदुमतीबाईंनी उभे राहोन सांगितले, "घोलप साहेब, मला तार पाहिजे, हे खरं आहे. रविवारी माझ्या लेकीनं पसंत केलेला मुलगा येणार आहे समोर, मला त्याच्याशी बोलायचंय. म्हणून मी काहीही सही करेन असं तुम्हाला वाटत असेल, तर ते पण खरं आहे. पण मग फुकट हा शब्द काढून टाका. तो सांगताना माझे हात खोटं बोलतात."

घोलप जिन्याकडे तोंड करोन शिपायांस, "अरे, जरा खाली चहा घ्या जा," ऐसे बोलिले, आणि ते गेल्यावर आवाज उतरवोन म्हणाले, "मॅडम, सहा महिन्यांचं घेतलं तरच मला इन्सेंटिव्ह आहे. महिन्याला टार्गेट आहे वीस घरांचं. हा चौथा मजला चढताना माझे गुडघे कसे बोलतात ते मी तुम्हाला दाखवू शकत नाही." "पाणी आणू?" बाई म्हणाल्या. "नको. ऐका. महिना-महिना घ्या. इन्स्टॉलेशनचे आठशे द्यावे लागतील, ते खरे. राउटर घरात जुना असेल तर तो चालवू, मग अनामत नको." पंतांनी माळ्यावरून खोका उतरविला, पूर्वीच्या भाडेकरूने सोडलेला राउटर त्यात निघाला, वर धूळ एक बोट. घोलपांनी फुंकर मारिली, खोकले, आणि म्हणाले, "चालतोय हा. तार गॅलरीकडून नाही घेत, समोरच्या बाईंच्या खिडकीतून जवळ पडते. त्यांना विचाराल?" "त्यांच्या कुंड्यांना धक्का लागला तर त्या मला जिवंत ठेवणार नाहीत," ऐसे बाई बोलिल्या, आणि विचारोन आल्या. शेजारीण म्हणाल्या, "तुमच्या केतकीसाठी ना? मग घ्या. कुंड्या मी सरकवते." मग तह जाहला. ॲक्टिव्हेशन सुटले नाही. ते सरकारास दिलेच पाहिजे, ऐसे घोलप खजील होऊन बोलिले, आणि बाईंनी हात पुढे करोन, ही खूण खरी, ऐसे म्हणोन दिले. डब्यातील काही गेले, गाडीभाड्यापुरते उरले. जातेवेळी घोलपांनी दारात थांबोन विचारिले, "धन्यवाद कसं म्हणतात तुमच्यात?" बाईंनी दाखविले. त्यांनी उलटाच हात केला, आणि ते नमस्कारासारखे काही दिसले, पण बाईंनी तेच गोड मानिले.

रविवारी सकाळी बाईंनी नेसावी ती साडी तीनदा बदलली, पंतांनी दाढी दोनदा केली, आणि फोन बरणीस न टेकविता टेबलावर पुस्तकांच्या ढिगावर उभा केला. कॉल लागला. केतकीबाई दिसल्या, स्वच्छ, बोटांची नखे दिसावीत इतक्या स्वच्छ, आणि शेजारी तुषार. त्याने सफेद सदरा घातला होता. त्याने नमस्कार केला. केतकीबाई बोलो लागल्या, तो आणि ती कोठे भेटले, त्याची आई कैसी आहे, मग आपल्या नोकरीचे, मग तिला काही सांगावयाचे होते आणि ते हातांस जमेना. बोटे चुकली, तिने पुन्हा आरंभिले, पुन्हा थांबली. तुषार काही करीना. तो तिच्याकडे पाहत बसला होता, हात मांडीवर, मान किंचित वाकडी, अगदी स्तब्ध. मनोहरपंत घाबरून बोलिले, "अडकलं! अगं, अडकलं बघ चित्र! थांब, त्या घोलपांना फोन लावतो. आठशे घेतलेत त्यांनी!" आणि त्यांनी आपला फोन शोधण्यास हात फिरविला. इंदुमतीबाईंनी त्यांचा हात धरिला. त्यांनी इतकी वर्षे गोठलेली लेक पाहिली होती. गोठलेल्या चित्रात डोळे लवत नसत. येथे मुलाचे डोळे लवले. सदऱ्याची बाही श्वासाबरोबर हालत होती. "अडकलेलं नाही हो," बाई म्हणाल्या. "थांबलाय तो. तिचं पुरं व्हायचंय." मग केतकीबाईंस खूण सापडली आणि ती बोलिली, आणि ती पुरती बोलेपर्यंत त्याने हात उचलले नाहीत. बाईंनी त्यास काही विचारावयाचे योजिले होते, पगार किती, घर कोणाचे, ते सारे विसरल्या. त्यांनी फक्त, घरी या, ऐसी खूण केली, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा तीच खूण केली, कारण पहिली पाण्यात गेली ऐसे त्यांस वाटले. पडद्यावर ती दोन्ही वेळ पोचली होती.

तात्पर्य हे, की काचतारेच्या सरकाराने फुकट देतो म्हणोन आठशे घेतले आणि वर ॲक्टिव्हेशन घेतले, वकिलाचे एक घर टार्गेटात अर्धेच भरले, शेजारणीच्या दोन कुंड्या सरकल्या, आणि एका बाईस आपल्या लेकीच्या शेजारी बसलेला माणूस थांबू जाणतो, हे आपल्या डोळ्यांनी पाहता आले. बिल महिन्याच्या पाच तारखेस येते आणि ते पंत वाचतात. लेखन येथे पुरे जाहले. पुढील बोलणे त्या दोघांच्या हातांत असे.