जैनुद्दीनचाचांच्या लॅपटॉपची मुक्ती

सहज मिळालेल्या स्वातंत्र्याची माणसाला किंमत राहत नाही. म्हणून ते सहज मिळू नये, याची व्यवस्था जबाबदार संस्थांना करावी लागते. मुक्त संगणक प्रणाली प्रसारक मंडळ, रत्नागिरी (स्थापना २००६, सभासद तीन) ही अशीच एक संस्था असून प्रस्तुत लेखक तिचा चिटणीस आहे.

मंडळाचं सर्वात मोठं कार्य म्हणजे राजिवड्यातल्या जैनुद्दीनचाचांचा लॅपटॉप. चाचा जन्मभर मच्छीमारी बोट हाकणारे तांडेल होते. मुलगा तहा मस्कतला. २००८च्या फेब्रुवारीत त्याला तिथेच मुलगी झाली, आणि आईबापांना नातीचं तोंड घरबसल्या बघता यावं म्हणून त्याने गावाकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर लॅपटॉप पाठवला. समोरच्या डॉक्टरबाईंकडे बिनतारी इंटरनेट होतं. त्याचा पासवर्ड त्यांनी आपणहून चिठ्ठीवर लिहून दिला. एवढ्यावर कुणाही सामान्य माणसाने नात बघून घेतली असती.

सुदैवाने त्याच संध्याकाळी मंडळ तिथे पोचलं.

लॅपटॉपमध्ये विकतची प्रणाली होती. ती चालते की नाही हे बघण्यात आम्ही वेळ दवडला नाही, कारण प्रश्न चालण्याचा नव्हता, तत्त्वाचा होता. आमचे अध्यक्ष संदेश (स्वतःचा कॉम्प्युटर क्लास आहे) यांनी चाचांना समजावलं की मुक्त प्रणाली हजारो लोकांनी मिळून बनवली आहे, फुकट आहे आणि तिच्यातली कुठलीही ओळ तुम्ही स्वतः बदलू शकता.

"मला काय बदलायचं नाय," चाचा म्हणाले. "नात दिसंल ना?"

हा होकार असल्याची इतिवृत्तात नोंद आहे.

दोन तासांत लॅपटॉप मुक्त झाला. सर्व काही चालू लागलं, इंटरनेट सोडून. बिनतारी जोडणीसाठी एक फाइल लागत होती, ती इंटरनेटवर होती, आणि त्या फाइलीशिवाय इंटरनेट लागणार नव्हतं. (यात काही चमत्कारिक आहे असं फक्त नवख्यांना वाटतं.) फाइल आम्ही संदेशच्या क्लासमधून पेन ड्राइव्हवर आणली. ती जुनी निघाली. नवी आणली, ती जास्तच नवी निघाली.

दरम्यान, दुसऱ्याच दिवशी इशरतचाचींनी लॅपटॉपला जांभळ्या साटिनचं कव्हर शिवलं, झालर लावून, चारी कडांना घट्ट. आखातातून आलेल्या वस्तूचं अंग उघडं ठेवायचं नाही, ही त्या घरची रीत. टीव्हीचा रिमोट सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मंडळ लोकभावनेचा आदर करतं, त्यामुळे कव्हराला आम्ही हात लावला नाही. सीडी घालायला चाचींनी उजव्या बाजूला बटणाची पट्टी करून दिली.

मार्च ते ऑगस्ट या काळातली प्रगती पुढीलप्रमाणे: शुक्रवारच्या बैठका बावीस, लॅपटॉप बंद करून चालू करणे चौसष्ट वेळा, नारळाच्या रसासोबत घावणे अंदाजे तीनशे ऐंशी. इंटरनेटवरच्या जागतिक मंचावर आम्ही क्लासमधून प्रश्न विचारला, त्याला एकोणीस उत्तरं आली. अकरांत हा प्रश्न आधी विचारला गेल्याचं सांगून आमची कानउघाडणी केली होती. पाचांनी लॅपटॉप बदलायला सांगितलं. दोघं आपसात भांडले. उरलेला एक ब्राझीलचा गृहस्थ होता, त्याचंही हेच बिघडलं होतं आणि उपाय सापडल्यास कळवा अशी त्याची विनंती होती. त्याच्याशी मंडळाचे आजही घनिष्ठ संबंध आहेत.

एप्रिलमध्ये चाचांनी एक सूचना केली. "बोटीचं इंजिन लागंना, तर आम्ही आधी डिझेलचा कॉक उघडा हाय का ते बघतो." ती 'गैरतांत्रिक' या शीर्षकाखाली नोंदवून घेण्यात आली.

मे महिन्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, माझ्या कॉम्प्युटरवर येऊन बघा की नातीला, पाच मिनिटांचं काम. त्यांचा कॉम्प्युटर विकतच्या प्रणालीवर चालणारा. आम्ही चाचांना म्हटलं, इतके महिने धीर धरलात, आता तत्त्व सोडणार का? चाचा भिडस्त माणूस. गेले नाहीत.

जूनच्या अखेरीस चाची घावणे वाढता वाढता थांबल्या. "फोनवर तहा सांगत होता, पोरीला दात आला. बोळक्या तोंडाची ती आता कदी दिसायची नाय, चिटणीससाहेब." विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याने चर्चा होऊ शकली नाही.

ऑगस्टमध्ये तहा बायको-मुलीला घेऊन रजेवर आला. घरात पाहुणे येणार म्हणून चाचींनी सगळे अभ्रे धुवायला काढले, त्यात जांभळं कव्हरही निघालं. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एक बारीक बटण होतं. तहाने ते नखाने सरकवलं. निळा दिवा लागला आणि इंटरनेट सुरू झालं.

"कॉक बंद होता," चाचा म्हणाले.

मंडळाने हे यश टाळ्यांच्या गजरात स्वीकारलं. मात्र नात प्रत्यक्ष पडद्यावर दिसल्याशिवाय कार्य पूर्ण झालं असं म्हणता येत नव्हतं. म्हणून आम्ही तहाला विनंती केली की त्याने मुलीला घेऊन दहा मिनिटं संदेशच्या क्लासमध्ये जावं, म्हणजे चाचींना ती इथून दिसेल.

चाचींनी नातीला उराशी घट्ट धरलं. "माज्या मांडीवरची पोर तुमच्या यंत्रात घालू होय?"

त्या शुक्रवारी घावण्यांबरोबर रस नव्हता.

वाचकहो, आम्हाला हसून झालं असेल, तर एक सांगतो. मंडळाला सभासद हवे आहेत. तुम्ही अर्ज करावा असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण फाइल कुठली, बटण कुठलं, दिवा लागला की नाही, हे तुम्ही शेवटपर्यंत बारकाईने वाचलंत. मुलीचं नाव काय ठेवलं, हे मात्र विचारलं नाहीत.

आम्हीही नव्हतं विचारलं.