रविवारी लाँच आहे

रामनाथनं चिकूच्या वाळवलेल्या चकत्या विकायच्या ठरवल्या, इथवर ठीक होतं. पण मोबाईलवरच्या एका सरांनी सांगितलं, एकच माल काढाल तर फसाल. साधा, स्पेशल, प्रीमियम अशी रेंज हवी, म्हणजे गिऱ्हाईक मधलं उचलतं. मग डहाणूच्या घरात एकाच वाडीतले चिकू तीन रंगांच्या पाकिटांत जाऊ लागले. (प्रीमियममध्ये वेगळं काय, तर पाकीट.) खोकी पलंगावर चढली तेव्हा बायको हिरकणी म्हणाली, "घर रिकामं झालं की कळवा," आणि झाईला माहेरी निघून गेली.

घर रिकामं व्हायला माल बाजारात उतरायला हवा. पण सरांचं म्हणणं, वेळ साधा! गणपतीत लोक मोदक खातात, दिवाळीत फराळ. पुढे चारोटीच्या बाजारात दुसऱ्याच कुणाच्या चकत्या आल्या; त्यांचा जोर ओसरू द्यायचा. रामनाथ थांबला. सवयीनं दोघांचा चहा टाकायचा आणि दोन्ही कप स्वतःच प्यायचा. तिची फार आठवण यायची, तिच्या कटकटीचीसुद्धा.

शेवटी सरांना न जुमानता त्यानं फोन लावला. "हिरकणी, रविवारी लाँच आहे. सगळ्यांना घेऊन ये."

"खरंच? स्वतःची?"

"मग काय दुसऱ्याची?"

तिला रडू फुटलं. ते ऐकून यालाही भरून आलं.

रविवारी चारोटीला हायवेलगत टेबल मांडून, नवा शर्ट घालून तो रस्त्याकडे बघत बसला. (गिऱ्हाइकांकडे बघायला सवड नव्हती.) दुपार टळली, तसा त्यानं फोन केला.

"अगं, कुठे आहेस?"

"लाँचपाशी! तुम्ही कुठे?"

"मीपण लाँचपाशीच!"

"मग दिसत का नाही? डहाणूच्या बंदरावर बाबा नारळ घेऊन उभे आहेत. पाण्यातली आपली कुठली?"

"पाण्यातली?"

मच्छीमाराच्या लेकीला लाँच म्हणजे इंजिनाची होडी, दुसरं काय सुचणार!

टेम्पो भरून सासुरवाडी चारोटीला आली. सासऱ्यांनी पाकिटं उलटसुलट पाहिली.

"जावई, आख्ख्या झाईला सांगून आलोय, जावयानं लाँच घेतली म्हणून. आता परत कुठल्या तोंडानं जायचं?"

"मग?"

"लोक विसरेपर्यंत तुमच्याकडेच राहतो."

अशी हिरकणी घरी आली. मागून आई, बाबा, काका, मावश्या. खोकी बाहेर ओटीवर निघाली, पलंगावर सासरे आडवे झाले आणि रामनाथची पथारी खोक्यांशेजारी पडली. इतक्या महिन्यांनी आतून तिचा आवाज येत होता. त्याचा जीव तुटत होता.

"अगं, जावयांना आत घे की," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे गं आई. माल सांभाळायला कुणीतरी हवंच."

(माल कुणी चोरूनसुद्धा नेत नव्हतं.)