माफ केलं म्हण

उदगीरच्या बाजारात वर्दीतल्या जमादाराला भर रस्त्यात अडवणारा माणूस एकतर बडा पुढारी असतो, नाहीतर आमचे शमुवेल सर. सर जमादाराची बाही धरतात आणि खड्या आवाजात म्हणतात, "सातवी ब. रांगेत हसला म्हणून तुझा कान पिळला होता मी. चूक माझी होती. माफ केलं म्हण!"

जमादार टोपी सांभाळत सरांच्या पायाशी वाकतो. "काय सर! तुम्ही मारलं म्हणून तर मार्गाला लागलो."

"पाया पडू नको! माफ केलं म्हण!"

"हाव सर, म्हणतो की. आधी चहा तर घ्या."

चहा पाजतो, पण म्हणत नाही. कसा म्हणणार? मास्तरला माफ करायची रीतच नाही आपल्याकडे. मास्तरच्या पाया पडता येतं, माघारी नावं ठेवता येतात. समोर उभं राहून 'सर, तुम्हाला माफ केलं' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

सर आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. शाळेत ते पीटीचे मास्तर होते. त्यांच्या बाई प्रभुघरी गेल्या, मुलगी हैदराबादला असते, आणि सर एकटे राहतात. आम्ही एकाच चर्चच्या मंडळीतले. मी मंडळीचा खजिनदार आहे, त्यामुळे रविवारी कोण आलं आणि कोण नाही हे माझ्या नजरेतून सुटत नाही. सर कधी चुकले नाहीत.

हे माफीचं प्रकरण एका उपदेशातून निघालं. पाळकसाहेब म्हणाले, ज्याचं मन दुखावलं असेल त्याला आधी भेटून या, मग प्रभुभोजनाला या. बाकीच्या मंडळीनं मान डोलावली आणि घरी जाऊन जेवण केलं. सरांनी सोमवारपासून माणसं शोधायला सुरुवात केली.

स्टँडवर एका कंडक्टरला त्यांनी असंच धरलं. तो खाली उभा राहून सरांची समजूत काढत होता, तेवढ्यात कुणीतरी गंमत म्हणून डबल बेल मारली आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. कंडक्टर पळत सुटला, मागून सर. गाडी थांबल्यावर सर आत चढले आणि झालेल्या उशिराबद्दल सगळ्या प्रवाशांची माफी मागून उतरले. प्रवाशांना वाटलं, नवीन साहेब आलेत.

तोवर 'माफ केलं' असं एकच माणूस म्हणाला. पण तो निघाला देगलूरचा. "सर, मी तुमच्या शाळेत नव्हतो कधी. पण म्हणता तर केलं माफ."

सर भडकले. "तुझं चालत नाही!"

शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, क्षमा मागताना आवाज जरा खाली घ्या. लोक घाबरतात."

सरांचं दुसरं वेड बादल्यांचं. दर गुरुवारी ते बसवराजच्या प्लॅस्टिकच्या दुकानातून काहीतरी घेऊन येत. बादली, टोपलं, सुपली, नाहीतर कचऱ्याचा डबा. एकट्या माणसाच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी वाटायला सुरुवात केली. आमच्या न्हाणीघरात त्यांच्या तीन बादल्या आहेत. मी सरळ विचारलं, "सर, इतकं कशाला घेता?"

"लागतं."

"कुणाला?"

"तू तुझं बघ."

एका गुरुवारी त्यांचा गुडघा धरला म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. बसवराज गल्ल्यावर बसला होता. माझ्याच वयाचा, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. "या सर. आज काय देऊ?"

"बादली."

"कोणती?"

"कोणतीही."

जमादाराची बाही धरणारा हा माणूस इथं धडा पाठ न झालेल्या पोरासारखा उभा होता. मला राहवलं नाही. "सर, घरात बादली ठेवायला जागा नाही आता. काय काम असेल ते बोला."

सरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग मान खाली घातली. "बसवराज," ते म्हणाले, "शिट्टी."

बसवराजचा बादलीकडे गेलेला हात थांबला.

"अरुण," सर मला म्हणाले, पण बघत होते जमिनीकडे, "याला मी चोर म्हणालो होतो. प्रार्थनेच्या वेळी, अख्ख्या शाळेसमोर. माझी शिट्टी यानं घेतली म्हणून दुपारभर उन्हात उभं केलं. शिट्टी माझ्याच ट्रंकेत होती. संध्याकाळी सापडली."

"ठावं हाय मला," बसवराज शांतपणे म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तुमच्या गळ्यात होती. मी पहिल्या रांगेत होतो की. वाटलं, सर आता बोलतील. मग वाटलं, उद्या बोलतील."

सरांनी बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला उभं कर. इथंच, दुकानासमोर. ऊन हाय."

"अन् गिऱ्हाईक काय म्हणंल? बसा गप." त्यानं स्टूल पुढे ढकललं. "लई राग होता सर. चोर म्हणून त्या दिवशी घरी बापानं बी मारलं. ठरवलं होतं, ह्या माणसाला कधी माफ करायचं न्हाई. मग तुम्ही दुकानात यायला लागले. पहिल्याच दिवशी कळलं कशाला आलात."

"मग बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? बोलायचं तुम्हाला होतं." तो थोडा घुटमळला. "नंतर वाटायला लागलं, बोलून झालं की हे यायचे बंद होतील. सवय लागली होती तुमची." आणि एकदम, हिशोब सांगावा तसा म्हणाला, "माफ केलं सर. आज बादली मिळणार न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

सर माझ्याकडे बघू लागले, जणू खजिनदारानं काही कमी पडतंय म्हणून सांगावं. आयुष्यभर मी जमाखर्चाच्या दोन बाजू जुळवत आलो, पण इथं एका बाजूला ठेवायला सरांकडे काहीच नव्हतं आणि ते कुणी मागतही नव्हतं. सर स्टुलावर बसले, आणि हातरुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले, असं मला वाटलं. चष्मा खिशातच होता. पुसत होते ते डोळे.

मी स्कूटर चालू करेपर्यंत बसवराज सरांशी काहीतरी बोलला. घरी दारात उतरल्यावर सर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या म्हणालाय. काही घ्यायचं नाही, नुसतं यायचं."

"मग जा की."

"नुसतं?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. "बाई होती तेव्हा तीच बोलायची. मी नुसता असा कुणाकडे गेलोच नाही रे कधी."

रविवारी प्रभुभोजनाला ते पुढे गेले. सगळ्यांसारखेच गेले, भाकर आणि प्याला घेतला, जागेवर येऊन बसले. त्याआधी ते नेमके त्याच वेळी बाहेर जाऊन लोकांच्या चपला रांगेत लावायचे. शिस्तीची सवय, असं मी समजत होतो.

गुरुवारी दुपारपासूनच सर इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मी म्हणालो, "सोडतो स्कूटरवर."

"नको. चालत जातो. घाई काय हाय?"

फाटकाबाहेर येऊन त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते खिशात घातले, बाहेर काढले, मग पाठीमागे धरले, आणि गुडघा सांभाळत हळूहळू बाजाराच्या दिशेनं चालू लागले.