निळं लोखंड

आमच्या गुरम्माकाकू मोबाईलवर डोंगर निवडतात. परातीत डाळ निवडावी तसाच. मोबाईल पदराने पुसायचा, मांडीवर आडवा धरायचा आणि डावीकडून उजवीकडे एकेक दगड बघत जायचं.

लातूरच्या एका डाळमिलमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं तूरडाळीतले खडे वेचले. पुढे निवडायला मशीन आली, तेव्हा काकूंनी क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. मी भोकरची, नववीत शाळा सोडलेली, तिथं पोळ्या लाटायला आले. एक पोळी करपली तरी आता घरी पाठवतात की काय असं वाटायचं. पहिल्याच दिवशी काकूंनी करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली अन् म्हणाल्या, "मला अशीच आवडती." तेव्हापासून मी इथंच आहे.

हा ऑनलाइन गेम त्यांना मेसच्याच चार पोरांनी शिकवला. त्यात राजे, राक्षस, जादू सगळं आहे; काकूंना आवडली फक्त खाण. चिलखत घडवायला निळ्या लोखंडाचे बारा खडे लागतात, अन् ते ढीगभर दगडांत एखादा. पोरं दिसेल त्या दगडावर कुदळ मारत सुटायची. काकू म्हणायच्या, "खडा लपत न्हाई रे, नजर कामचुकार असती." अन् नेमका तोच दगड फोडायच्या. एकदा मागून राक्षस आला, तर त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या, "थांब की बाबा, काम करायले न्हाई का." पोरांनी धावत येऊन वाचवलं, तर उलट पोरांनाच बोलल्या, माझ्या उजेडात कशाला उभे राहिलात म्हणून.

पोरं आता कॉलेजांना पांगली. एक नागपूरला, एक मिरजेला, दोघं पुण्याला. पण रविवारी दुपारी चौघंही खाणीत हजर. काकूंची थट्टा करतात, गुडघ्याचं विचारतात. बारावा खडा मिळाला की चिलखत पुरं, मग गेम बंद अन् अभ्यास, असं त्यांनी ठरवलंय. अकरा कधीच झालेत.

परवाच्या रविवारी मी शेजारी बसून कणीक मळत होते. पडद्याच्या कोपऱ्यात निळं चमकलं. मला दिसलं, म्हणजे काकूंना त्याआधीच दिसलं असणार. त्यांचा अंगठा त्या दगडापाशी आला, थांबला, अन् पुढे गेला.

मोबाईलमधून मिरजेच्या पोरानं विचारलं, "सापडलं का काकू?"

"न्हाई रे. मोतीबिंदू झालाय वाटतं."

"ताई, तुम्हाला दिसतंय का?" त्यानं मला विचारलं.

खोटं बोलायची मला सवय नाही. कणकेचे हात तसेच धरून मी मोबाईलजवळ वाकले अन् म्हणाले, "मलाबी न्हाई दिसलं. पुढच्या रविवारी बघू."